मुक्कामाची गाडी

आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये, नानांच्या हॉलात, टीव्हीच्या शेजारी लोखंडी जाळीचा एक मोठा पिंजरा आहे. त्यावर पुठ्ठ्याची पाटी टांगलेली आहे आणि पाटीवर तांबड्या रंगात, जुन्या शाळेत गिरवून घेतलेल्या गोल, ठसठशीत अक्षरांत लिहिलंय : ‘परी. मुक्काम : हॉल. सुटण्याची वेळ : रात्रौ १.३० व पहाटे ५.००.’ खाली बारीक अक्षरांत : ‘प्रवाशांनी गर्दी करू नये.’

परी म्हणजे कुत्री. गर्दी म्हणजे माई, नानांच्या सौभाग्यवती.

नानांनी एसटीत चौतीस वर्षं काढली. अकरा कंडक्टर म्हणून, तेवीस वाहतूक नियंत्रक म्हणून. म्हणजे स्टँडवर काचेमागे बसून लाउडस्पीकरवरून गाड्या सोडणारा जो इसम असतो, ज्याच्याकडे आपण ‘गाडी कधी येणार?’ विचारायला जातो आणि जो मान वर न करता ‘येईल’ म्हणतो, तो. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्याकडून खुर्ची घेतली, शिट्टी घेतली, शिक्का घेतला. वेळापत्रक काढून घ्यायला मात्र कुणाला सुचलं नाही. ते नाना घरी घेऊन आले.

त्यांच्याकडे पाहुणा गेला आणि बूट काढून टेकला, की नाना पहिला प्रश्न विचारतात, ‘कितीला निघणार?’ नवखा माणूस अवघडतो. त्यात आगतस्वागताची कमतरता मुळीच नसते. सुटायची वेळ ठाऊक नसलेली गाडी फलाटावर उभी आहे, एवढीच त्यांची अस्वस्थता. एकदा ‘सव्वासहा’ सांगितलंत, की सहा वाजता चहा, सहा दहाला पाणी, आणि सहा चौदाला नाना तुमची छत्री हातात घेऊन दारात उभे. ‘जेवलात का नाना?’ विचारलं तर उत्तर ‘हो’ असं येत नाही, ‘बारा चाळीसला’ असं येतं. लग्नात मुहूर्त अकरा मिनिटं टळला तर ते भटजींकडे अशा नजरेने बघतात, की भटजींना वाटावं, आपल्या नावावर काहीतरी चढलं. रोज सकाळी गॅलरीत उभं राहून ते खालच्या स्कूलबसची वेळ वहीत टिपतात. बसवाल्याने एकदा विचारलंसुद्धा, ‘आजोबा, तुमचा नातू कुठल्या वर्गात?’ नानांचा नातू न्यू जर्सीत आहे.

अशा माणसाच्या घरी कुत्र्याचं पिल्लू यावं, हा योग पत्रिकेत नव्हता. पण १ जूनला काहीही होऊ शकतं.

१ जून १९४८ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. त्यामुळे दर १ जूनला नाना अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटतात. स्वतःचा वाढदिवस ते विसरतात. हा विसरत नाहीत. गेल्या वर्षी पेढे वाटत खाली आले, तर पार्किंगमध्ये एका कुत्रीच्या पाच पिल्लांपैकी उरलेलं शेवटचं पिल्लू स्कूटरच्या चाकाला टेकून बसलेलं. तांबडं. नानांनी त्याला पेढा दाखवला. पिल्लाने पेढा खाल्ला, पुड्याचा कागद खाल्ला आणि नानांच्या मागोमाग जिना चढू लागलं. पायऱ्या त्याच्या उंचीच्या होत्या. दुसऱ्या मजल्यावर पोचायला त्याला बावीस मिनिटं लागली. नानांनी ती मोजली आहेत आणि तेवढा वेळ ते पुढे चार पायऱ्या राखून थांबत थांबत चढले आहेत. तांबडा रंग, १ जून, न बोलावता आलेली. एसटीच्या लालपरीवरून नाव पडलं परी. डॉक्टरांनी दात बघून वय सांगितलं, अडीच महिने.

रात्री हे कुठे झोपणार, हा प्रश्न माईंच्या लेखी नव्हताच. माई जेजुरीकडच्या. त्यांच्या माहेरी कोंबड्या डालग्याखाली, गाय गोठ्यात, कुत्रं उंबऱ्याबाहेर आणि जावई पलंगावर, अशी ठरलेली व्यवस्था. पण न्यू जर्सीतल्या चिरंजीवांनी फोनवर पिल्लू बघितलं आणि म्हणाले, ‘बाबा, क्रेट घ्या. इकडे सगळे रात्री क्रेटमध्ये ठेवतात. आमचा टॉमीसुद्धा.’ आणि तिकडूनच मागवूनही टाकला. दोन दिवसांनी एक सपाट, जडशीळ खोकं आलं. बेचाळीस इंची, घडीचा, दोन दारांचा, खाली ट्रे.

माईंनी बघितलं आणि म्हणाल्या, ‘हा तर पिंजरा.’

‘क्रेट,’ नाना म्हणाले.

‘उंदराचा छोटा असतो, हा मोठा. खंडोबाच्या कुत्र्याला कोंडणार तुम्ही? चंपाषष्ठीला आम्ही भरीत-रोडग्याचा नैवेद्य कुत्र्याला आधी घालतो, मग आपल्या ताटात घेतो. आणि राखण करणाऱ्या जनावराला रात्री कोंडायचं म्हणजे वॉचमनला कपाटात घालून कुलूप लावण्यासारखं.’

पिंजरा म्हटलं की आमच्या पिढीला १९७२चा व्ही. शांतारामांचा सिनेमा आठवतो. मी तो विषय काढला. माई म्हणाल्या, ‘त्यात तरी वेगळं काय? आत मास्तरच गेला होता.’

चिरंजीवांनी सूचनांचं लांबलचक पत्रक पाठवलं होतं. नानांनी ते स्वहस्ताक्षरात उतरवून काढलं, कारण छापील कागदावर त्यांचा विश्वास नाही. कार्बन लावून तीन प्रती काढल्या आणि एक मला दिली. ती माझ्याकडे अजून आहे. पिंजरा शिक्षेसाठी वापरू नये. जेवण त्यातच द्यावे. आरंभी काही दिवस दार उघडे ठेवून जनावरास ये-जा करू द्यावी. निजताना गळपट्टा काढावा, जाळीत अडकून फास बसू शकतो. वरून चादर टाकावी, हवा खेळती ठेवावी. घरच्या माणसाच्या अंगचा एखादा वापरलेला कपडा आत ठेवावा. पहिल्या रात्री आपल्या बिछान्याजवळ ठेवावे. आणि मुख्य कलम : पिल्लाचे वय महिन्यांत मोजून त्यात एक मिळवावा, साधारण तितके तास ते लघवी धरू शकते. अडीच अधिक एक, साडेतीन. रात्री दहाला निजवलं, की दीड वाजता आणि पाच वाजता बाहेर न्यायचं.

या शेवटच्या कलमाने नानांचा चेहरा उजळला. मी समोर होतो. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना दोन फेऱ्या दिल्या होत्या, त्याही रात्रपाळीच्या.

‘आरंभी काही दिवस दार उघडे’ हे कलम त्यांनी वाचलं, लिहिलं आणि सोडून दिलं. वेळापत्रक जाहीर झाल्यावर गाडी ‘हळूहळू’ कशी सुरू करायची? पहिल्याच रात्री ठीक दहा वाजता परीला आत घातलं, दार लावलं, तोंडाने ‘टिंग टिंग’ अशी डबल बेल दिली आणि हॉलचा दिवा मालवला. आत बिछान्याजवळ पिंजरा नेणं माईंनी नामंजूर केलं होतं. नाना आत जाऊन झोपले.

आता माझी भिंत आणि त्यांचा हॉल यांच्यामध्ये फक्त जिन्याची मोकळी जागा. दहा वाजून चार मिनिटांनी सुरुवात झाली. आधी नुसती कुणकुण, कुणी बिजागरीला तेल घालायला विसरलंय अशी. मग तिला कंठ फुटला. साडेदहाला ती अशा उंचीवर पोचली, की तिसऱ्या मजल्यावरच्या गायन शिकवणाऱ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, सूर काळी पाचचा होता आणि हलला नाही. मध्ये पाच मिनिटं शांतता पसरायची. ती सगळ्यात वाईट, कारण तिच्यात पुन्हा कधी सुरू होईल याची वाट बघावी लागे. सगळी बिल्डिंग अंधारात डोळे उघडे ठेवून पडली होती. दीड वाजता नानांनी दार उघडलं तेव्हा पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात परी होती आणि दुसऱ्या कोपऱ्यात बाकीचं सगळं.

सकाळी चिरंजीवांकडे अहवाल गेला. ते म्हणाले, ‘बाबा, मधली जाळी लावली नव्हती का?’

नानांचा चेहरा पडला. खोक्यातून निघालेली ती एक जाळी त्यांनी ‘जास्तीची आली’ म्हणून कागदात बांधून, वर दोरी आवळून, दाराशी ठेवली होती. परत पाठवायची होती. नानांनी चौतीस वर्षांत कधी एक रुपया जास्तीचा ठेवून घेतला नव्हता, मग जाळी कशी ठेवणार? तीच तर आतली जागा लहान करण्याची जाळी. कुत्र्याला उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून निजता यावं, एवढीच जागा हवी. त्याहून मोठी दिली तर ते एक कोपरा न्हाणीघराला देतं. बेचाळीस इंचांचा पिंजरा मोठ्या लॅब्राडोरच्या मापाचा. त्यात परी म्हणजे रिकाम्या एसटीत एकटी बसलेली म्हातारी.

‘बरोबर आहे,’ नाना मला म्हणाले. ‘मागची पाच जणांची सीट असते ना, एकटा माणूस असला की आडवा होतो.’

दुसऱ्या रात्री जाळी बसली, जागा लहान झाली, आतला कपडाही बदलला. पहिल्या रात्री जुना टॉवेल होता. आता नानांनी कपाटाच्या तळातून आपला कंडक्टरकीचा खाकी शर्ट काढला. हे बघून माई दोन दिवस बोलल्या नाहीत. तो खाकी शर्ट बोहारणीला देऊन स्टीलचं मध्यम पातेलं घ्यायचं, असा त्यांचा पंधरा वर्षांचा संकल्प होता, आणि दर वेळी नानांनी शर्ट दोन्ही हातांनी छातीशी धरून बोहारणीला परत पाठवलं होतं. जो शर्ट पातेल्याला मिळाला नाही तो कुत्रीच्या खाली गेला! माझ्या मते माईंची बाजू न्याय्य होती, पण मी बोललो नाही.

रडणं मात्र थांबलं नाही. तिसऱ्या रात्री बारा वाजता मी तक्रार करायला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. हॉलमध्ये अंधारात नाना फरशीवर पालथे पडले होते, उशीशिवाय. एक बोट जाळीतून आत, आणि ते बोट परी चघळत होती. नाना दबक्या, सपाट, नाकातल्या लाउडस्पीकरच्या आवाजात म्हणत होते : ‘वाघोली... लोणीकंद... कोरेगाव भीमा... शिक्रापूर...’

मी दारातच थांबलो. रांजणगावला परीचा एक डोळा मिटला. शिरूरला दुसरा.

‘बोला,’ नाना कुजबुजले.

‘तक्रार होती.’

ते बोट न हलवता दुसऱ्या हाताने चाचपडले आणि त्यांनी मला एक वही दिली. वर लिहिलं होतं, ‘तक्रार वही. मागितल्यास मिळेल.’ मी मोबाइलच्या उजेडात उघडली. आधी दोन तक्रारी होत्या. पहिली गायनवाल्या बाईंची, सुराबद्दल. दुसरी माईंच्या अक्षरात : ‘यजमान रात्री जागेवर नसतात.’ तिच्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात नानांनी लिहिलं होतं, ‘सत्य आहे.’ मी काहीच न लिहिता वही परत दिली.

त्या रात्रीपासून मलाही भिंतीपलीकडून तो मार्ग ऐकू येऊ लागला. झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा : मी आजवर शिरूरच्या पुढे गेलेलो नाही. सुपा कसं लागतं, केडगाव कुठे येतं, मला माहीत नाही. नगरला पोचलेला आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी नसेल.

दीडच्या फेरीचे नियम कडक होते. दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही, खेळायचं नाही. बाहेर जाणं इतकं नीरस व्हायला हवं, की पिल्लाला त्यात काही मजा वाटता कामा नये. लसी पूर्ण झाल्या नव्हत्या, म्हणून रस्त्यावर उतरवायचं नाही. बिल्डिंगच्या मागे जिथे बाहेरची कुत्री येत नाहीत, त्या मातीच्या पट्टीपर्यंत उचलून न्यायचं. जून उलटला, पाऊस धरला. मी खिडकीतून बघितलंय : एका हातात छत्री, ती परीवर. नाना पावसात. परी गवताच्या प्रत्येक पात्याचा वास घेते आहे, जणू तिला त्यांतलं एक निवडून आणायचंय. नाना मनगटावरच्या घड्याळाकडे बघताहेत. काम झालं की दोघं आत.

या फेरीचा पहिला बळी वॉचमन. बिचारा बारा ते पाच खुर्चीत झोपायचा. त्याची ही सवय आम्हा सगळ्यांना ठाऊक होती आणि मान्यही होती. आता रोज दीडला नाना छत्री घेऊन समोर. त्याला वाटलं, कमिटीने तपासणी लावली. चौथ्या दिवशी नानांनी त्याच्यापुढे रजिस्टर धरलं आणि ‘गाडी गेल्याची’ सही मागितली. त्याने घाबरून दिली. पुढल्या महिन्यापासून आमच्या बिल्डिंगला खरोखरच जागा असलेला वॉचमन मिळाला, आणि त्याने पगारवाढ मागितली.

इथवर सगळं चिरंजीवांच्या परिपत्रकाप्रमाणे चाललं होतं. परी दिवसाही स्वतःहून आत जाऊन बसू लागली. जेवणाचं ताट आत, रबरी खेळण्यात भरून गोठवलेला दहीभात आत. चिरंजीवांनी पीनट बटर सुचवलं होतं, पण डबा बघून घ्या, त्यात झायलिटॉल नावाचं गोड द्रव्य असेल तर कुत्र्याला ते विष, असंही बजावलं होतं. नानांनी डबा आणलाच नाही. शेंगदाण्याचं कूट दह्यात कालवलं. माई मधूनच भाकरीचा तुकडा आत टाकायच्या आणि ‘मी कुठे टाकला?’ म्हणायच्या.

मग एके दिवशी कन्येचा फोन आला.

कन्या स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला. तिच्याविषयी नानांच्या मनात जो आदर आहे त्याचं अर्धं श्रेय त्या शहराला जातं. गोथेनबर्ग म्हणजे व्होल्वोचं माहेर, आणि मुंबई-पुणे रस्त्यावर एसटीची शिवनेरी म्हणून जी धावली ती व्होल्वोच. नानांनी आयुष्यात दोनच गोष्टींपुढे हात जोडले आहेत; एक घरातला देव्हारा आणि दुसरी पहिल्यांदा पाहिलेली शिवनेरी. कन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, बसशी तिचा काडीचा संबंध नाही, पण नाना लोकांना सांगतात, ‘मुलगी व्होल्वोच्या गावात आहे.’

कन्येने व्हिडिओवर पिंजऱ्याचं बंद दार बघितलं आणि म्हणाली, ‘बाबा, हे इथे बेकायदा आहे.’

नाना उभेच राहिले. तिने समजावलं : प्रवासात, प्रदर्शनाला नेताना ठीक, पण घरात कुत्र्याला असं जाळीत बंद करून ठेवायला स्वीडनमध्ये मनाई आहे, शेजारी फिनलंडमध्येही आहे. नानांनी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ पिंजऱ्याकडे बघत बसले. चौतीस वर्षांत एक मेमो नाही, एक खुलासा नाही. आणि आज मुलीच्या देशात आपण गुन्हेगार.

‘स्वीडनमध्ये काय चालतं ते स्वीडनला लखलाभ,’ मी म्हणालो, ‘आपण पुण्यात आहोत.’

‘तसं कसं म्हणता?’ नाना दुखावून म्हणाले. ‘ज्यांना अशी बस बनवता येते, त्यांना कुत्र्यातलं कळत नसेल?’

चिरंजीवांना फोन गेला. चिरंजीव म्हणाले, कुत्रा हा मुळात गुहेत राहणारा प्राणी, त्याला बंद जागा आवडते. कन्या म्हणाली, लांडगेसुद्धा गुहा वापरतात ती पिल्लं असतानाच, एरवी उघड्यावर झोपतात. यावर मी काय बोलणार? पण आमच्या गल्लीतली कुत्री मी बरीच वर्षं बघतोय. ती उन्हाळ्यात रेतीच्या ढिगावर, थंडीत गाडीच्या गरम बॉनेटवर आणि पावसात गाडीच्या खाली झोपतात. त्यांना जागा हवी असते, पण ती सोडून उठता आली पाहिजे एवढीच त्यांची अट दिसते. मला स्वतःला त्या दाराच्या कडीचा तिटकारा होता. जाळीचं मला काही नव्हतं.

दोन परिपत्रकं एकमेकांशी भांडू लागली, की नियंत्रकाने काय करायचं याला एसटीत तोड असणार, कारण नानांनी एका रात्रीत तोडगा काढला. दार सुतळीने मागे, उघडं बांधून टाकलं. म्हणजे स्वीडनचं समाधान. आणि उघड्या दाराच्या तोंडाशी आडवी गादी घालून त्यावर स्वतः झोपले. म्हणजे अमेरिकेचं समाधान.

माई म्हणाल्या, ‘पहिल्या दिवशीच सांगत होते, कुत्रं उंबऱ्याशी झोपतं. आता कुत्रं आत आणि हे उंबऱ्याशी.’

पहिल्या रात्री परी नानांच्या पोटावरून चालत आतल्या खोलीत गेली आणि माईंच्या पायांशी झोपली. रजिस्टरमध्ये नोंद आहे : ‘११.२०. गाडी मार्ग सोडून गेली.’ जनावराने उंबरा ओलांडू नये म्हणणाऱ्या माईंनी पाय वर घेतले आणि जागा करून दिली, हे नोंदीत नाही. मला परीच्या अंगावरल्या माईंच्या दुलईच्या वासावरून कळलं. पण चारपाच रात्रींनी परी आपणहून परत आली. एकतर माई घोरतात. आणि आत तो खाकी शर्ट होता. अकरा वर्षं हजारो माणसांनी धक्काबुक्की केलेला तो शर्ट; त्यात एका कुत्रीने काय शोधलं ते तिलाच ठाऊक.

त्यानंतर तो पिंजरा बंद झालेला मी पाहिलेला नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या माळा सुरू झाल्या तेव्हा मी फराळाचं ताट घेऊन गेलो होतो. परी पिंजऱ्याच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, नाक शर्टाच्या बाहीत घालून. वर माईंची दुलई. नाना बाहेर मांडी घालून : ‘शिक्रापूर... रांजणगाव...’ आणि माई शेजारी बसून परीचे कान दोन्ही हातांनी झाकताहेत. त्या रात्री पहिल्यांदा गाडी नगरला पोचली असावी, कारण मी घरी जाऊन झोपेपर्यंत आवाज चालू होता.

मुख्य गोष्ट सांगायची राहिलीच.

रात्रीचा दीड म्हणजे न्यू जर्सीत दुपारचे चार. चिरंजीव त्या वेळी ऑफिसात कॉफी प्यायला उठतात. आणि गोथेनबर्गला रात्रीचे दहा. जूनमध्ये तिकडे त्या वेळी अजून उजेड असतो. पहिल्या आठवड्यात चिरंजीवांनी दीडला सहज फोन केला, ‘नेलं का बाहेर?’ दुसऱ्या दिवशी कन्येने. मग तिघांचा एकत्र सुरू झाला. फेरीच्या वेळी बोलायचं नाही, हा नियम ज्यांनी पाठवला तेच रोज बोलू लागले. नाना एका हातात छत्री, एका हातात दोरी, आणि मोबाइल शर्टाच्या खिशात, कॅमेरा बाहेर. न्यू जर्सी आणि गोथेनबर्ग त्या खिशातून आमच्या बिल्डिंगच्या मागची मातीची पट्टी बघत असत. आधी चौकशी परीची. मग बाबांच्या गुडघ्याची. मग ‘आई झोपली का?’ झोपली कसली! तिसऱ्या आठवड्यात माई शाल घेऊन खाली येऊ लागल्या. म्हणाल्या, एकटे अंधारात घसरतील.

या आधी दोन्ही मुलांचे फोन रविवारी यायचे. सकाळी, सात-आठ मिनिटं. नानांनी तेही टिपून ठेवलेत.

ऑक्टोबरच्या शेवटी मोठा गोंधळ झाला. तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात. स्वीडनने ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घेतली, अमेरिकेने पुढच्या रविवारी. मधला आठवडा नानांनी अतिशय मनस्तापात काढला. ‘घड्याळच मागे घेतात?’ ते मला विचारत होते. ‘मग झालेला उशीर कुणाच्या नावावर टाकायचा?’ अखेर पाटीखाली दुसरी पाटी लागली, ‘हिवाळी वेळापत्रक’. वेळ मात्र तीच ठेवली, दीड. बाकीच्या जगाने जुळवून घ्यावं, असं ठरलं.

परी आता वर्षाची व्हायला आली. जाळी काढली, आता तिला पूर्ण बेचाळीस इंच लागतात. गेले कित्येक महिने ती रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत हूं का चूं न करता झोपते. चिरंजीवांनी परवा स्वतःच सांगितलं, ‘बाबा, आता दीडला न्यायची गरज नाही. रात्रीची फेरी बंद केलीत तरी चालेल.’

नाना म्हणाले, ‘प्रवासी नसला म्हणून गाडी रद्द करत नाहीत.’

काल रात्री मला जाग आली. खाली बघितलं. कानटोपी घातलेले नाना, शाल पांघरलेल्या माई, खिशात उजेड, आणि त्या उजेडात डोळे मिटून, डुगडुगत उभी असलेली परी. सकाळी मी रजिस्टर उघडून बघितलं. ‘रात्रौ १.३०. प्रवासी झोपेत. उठवून नेण्यात आला. गाडी वेळेवर.’ खाली वॉचमनची सही.